‘पळपुटा’ काढायचा की ठेवायचा

— नाही, वीरण्णा, मला ती कमेंट काढता येत नाही, तीच तर अडचण आहे. फेसबुकवरच्या आपल्या ‘उदगीर जिल्हा झालाच पाहिजे’ ग्रुपचे नियम कुणी लिहिले? मीच. मुद्द्यावर बोला, माणसावर नको — आणि ज्याच्यावर टीका झाली त्यानं स्वतः ती काढायची नाही, दुसऱ्या ॲडमिननं ठरवायचं. दुसरा ॲडमिन तू. म्हणून आलो दुकानात. गिऱ्हाईक असेल तर बघ, थांबतो मी. नाही? हाव, असल्या दुष्काळात छपराचे पत्रे कोण घेणार.

ग्रुपवर त्या शेषेरावानं माझ्यावर काय लिहिलंय, वाचलंस ना? ‘नव्या जिल्ह्यासाठी घसा कोरडा करणारे सर आता पुण्याला बिऱ्हाड हलवायला निघालेत. पळपुटे.’ पळपुटा म्हणजे वैयक्तिक अपमान, सरळ आहे — सरळ आहे का? मागं त्या कंत्राटदाराला कुणी टँकरचोर म्हणालं, तू काढायला निघालास, तर मीच अडवलं — खरं असेल तर तो अपमान नव्हे म्हणून. मग आता? टेम्पो तर ठरवलाय मी. बघ, हे तुला सांगणार नव्हतो.

असा बघू नको. तुझ्या वहिनीचं, शिवगंगाचं, डायलिसिस लातूरला चालतं — त्या मशीनला पाणी किती लागतं, मला तरी कुठं माहीत होतं? तिथं प्यायचं पाणी रेल्वेनं आणून राहिलेत. सेंटरवाले म्हणाले, सर, पुढच्या महिन्याचा भरवसा धरू नका. तिला एवढंच सांगितलंय, पुण्याला लेकीकडं चार दिवस जाऊन येऊ. खरं कसं सांगू? मोर्चात माझ्यापुढं चालायची ती. कलेक्टर उदगीरला बसल्याशिवाय गाव सोडणार न्हाई, असं माइकवर बोललेली बाई. पळपुट्याची बायको म्हणवून घेण्यापेक्षा उंबऱ्याआत मरेल — मी ओळखतो तिला. आत्ता जेवून पडलीये, उठली की आधी मोबाइल बघते. त्याआधी काढ. पक्षपात झाला म्हण, मला ॲडमिनवरून काढ, पण हे काढ. माझंच चुकतंय का? चुकत असेल. तरी काढ, बाबा.

थांब, तिचाच फोन. — हं, बोल. — नाही, वीरण्णाकडं बसलोय. — वाचलंस? — खाली लिहिलंस, सगळ्यांना दिसेल असं? — नाही गं, रागावलो नाही. ठेव.

चष्मा घरी राहिला, वीरण्णा, तू वाच. ‘माझे यजमान पळणारे नाहीत. आम्ही उदगीर सोडून कुठंही जाणार नाही.’ एवढंच? आणि खाली अंगठे — किती? राहू दे, मोजू नको. शेषेरावानं पण लावलाय? ‘काकू, चुकलो, क्षमा असावी’ — हं. किती सभ्य लिहिलंय बघ.

आता काय काढतोस? यातला एकही शब्द नियमाबाहेर नाही. जा तू, गिऱ्हाईक आलंय.