आज पाणी नाही

हसू नका, पण देवपूरच्या आमच्या गल्लीतून मी अजून मान खाली घालून जातो. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, त्याचाही नेम नाही. म्हणून मी हौसेने वेबपेज केलं. ते पाणीपुरवठ्याच्या सर्व्हरला विचारून 'आज पाणी आहे' किंवा 'आज पाणी नाही' एवढंच सांगायचं. प्रोग्रामिंगची भाषा एल्म, फंक्शनल, म्हणजे सगळं फंक्शन्समध्ये मांडणारी. तिची सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, भलती हट्टी. उत्तरच आलं नाही तर काय दाखवायचं, हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. मी वैतागून तिथेही 'आज पाणी नाही' लिहिलं आणि गल्लीभर सांगत सुटलो, "हे पेज चुकणं शक्यच नाही!"

एका सकाळी सर्व्हर बंद पडला. पेजवर 'आज पाणी नाही' झळकलं, ते बघून कोणी नळ उघडलाच नाही. पाणी आलं आणि गेलं.

शेजारच्या अक्का रिकामी कळशी घेऊन दारात. "बठ्ठी गल्ली कोरडी शे! एक बी घरमा पानी नही!"

"अक्का, सर्व्हरकडून उत्तरच आलं नाही."

"मग 'माहीत नाही' असं लिहायचं ना, भाऊ! आणि तुमची टाकी कशी भरली?"

आतून आईच म्हणाली, "मी कुठे त्याचं पेज बघते? मी नळ उघडून बघते."