कातरण

आमचं गाव मंठ्याच्या बाजूला. आम्ही मातंग, पण माझ्या सासऱ्यानं तरणेपणीच बाप्तिस्मा घेतल्ता, तवापासून आमचं घर कॅथलिक. नवऱ्याला मिशनच्या शाळेत शिपायाची नौकरी लागली म्हणून जालन्याला आल्तो, अन् तो वारला तसं सिस्टरनं मला मिस्सेच्या, म्हंजी चर्चच्या उपासनेच्या, भाकरी भाजायला ठिवलं. काय सांगू तुम्हाला, काम सोपं हाय. गव्हाचं पीठ अन् पाणी, मीठसुद्धा न्हाई, दोन लोखंडी तव्यांत दाबायचं, पापडासारखं पातळ झालं की बारके बारके गोल कापायचे. गोल मिस्सेला जातेत, फादर प्रार्थना म्हणतेत अन् ते ख्रिस्ताचं शरीर व्हतं. कडंचं उरतं ते कातरण, ते कुणीबी खावं. माझी मीना कातरणावरच मोठी झाली.

शाळेत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मिस्सा असती. हॉलात सगळी लेकरं बसतेत, हिंदूंची बी येतेत. आमची लेकरं लाईनीत जाऊन भाकर घेतेत, बाकीच्यांनी दोन्ही हात छातीवर बांधायचे, मंग फादर नुसता डोक्यावर हात ठिवतेत. मीना चौथीत व्हती, तिच्या संगतीच्या पोरींचा पहिला प्रसाद, म्हंजी पहिल्यांदा भाकर घ्यायचा दिवस, ठरला, पांढरे फ्राक शिवले. ती म्हणली, आई, माझी भाकर जरा मोठी काप. मी म्हणले, तुला घ्यायची न्हाई, तू हात बांधायचे.

तिला नर्स व्हायचं व्हतं न. जातीच्या दाखल्यावर हिंदू मातंग लिवल्यालं, ख्रिस्ती म्हणलं की दाखला गेला, राखीव सीट गेली. मिस्सेचे फोटो निघतेत, भिंतीवर लागतेत. सिस्टर म्हणल्या, बाई, लेकराला कामून अडवता? मी म्हणले, सिस्टर, तिच्या पोटाचं कोण बघंल? पोरीनं बारावीपर्यंत हात बांधले. भाकर मी भाजलेली, सगळ्या शाळेनं खाल्ली, माझ्या पोरीनं न्हाई.

अन् मंग दाखल्याच्या पडताळणीला साहेब गावात आले. कुणीतरी त्यांना सासऱ्याची कबर दाखवली. कबरीवर क्रूस. त्या क्रूसाला दर वर्षी चुना कोण लावत व्हतं? मीच, मीच लावत व्हते. बस धरून जायचे अन् चुना लावून यायचे, पोरीला लपवलं अन् मेलेल्याला लपवायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. दाखला गेला. मीना आता भोकरदनला कापडाच्या दुकानात उभी ऱ्हाती.

गेल्या नाताळाला आल्ती. मी फादरला आदीच सांगून ठिवलं व्हतं. तिला म्हणले, माय, आता लपवायला काय राह्यलं, जा, हात पुढं कर. लाईनीत माझ्या म्होरंच व्हती. फादरनं भाकर उचलली अन् हिनं हात छातीवर बांधले. फादरनं भाकर परत वाटीत ठिवली अन् तिच्या डोक्यावर हात ठिवला. मंग माझी पाळी आली, मी भाकर घेतली. बाहेर आल्यावर मीना म्हणली, आई, मला न्हाई जमत आता. रागानं न्हाई म्हणली, रागानं म्हणली असती तर बरं झालं असतं.

घरी आली अन् चप्पल काढल्या काढल्या फळीवरचा डबा काढला, उभ्यानंच कातरण खाल्लं, लहानपणी खायची तसंच. मी बघत राह्यले. आजबी सकाळपासून भाजूनच राह्यले, उद्या महिन्याचा पहिला शुक्रवार हाय. गोल शाळेला जातील. कातरणाचा डबा मीनासाठी भरून ठिवला. देव तिचं भलं करो, माझ्याकडं त्यानं न्हाई बघितलं तरी चालंल.