यांतिनची सायकल

यांतिन : आधी किल्ली काढ, हार्म. गाडी बंद कर आणि मग काय ते बोल.

हार्म : बंदच आहे. किल्ली ही बघ, माझ्या हातात.

यांतिन : तो ट्रक बाजूनं गेला आणि आपल्या कॅरॅव्हॅननं म्हशीनं शेपटी हलवावी तशी शेपटी हलवली. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. मी आरशात बघत होते.

मारिट : मला मागच्या काचेतून आपल्या सायकली दिसत होत्या. एकदा या बाजूनं डोकावल्या, एकदा त्या बाजूनं. मला वाटलं, आता टाटा करून जातात.

हार्म : वारा होता. या आयफेलच्या डोंगरउतारावर वारा असतोच.

यांतिन : वारा? वाहनतळावरच्या त्या कचरापेटीवरचा कागद हलत नाहीये.

हार्म : वजन बरोबर होतं. निघायच्या आधी मी कॅरॅव्हॅनच्या पुढच्या दांड्याखाली वजनकाटा लावून बघितलंय.

यांतिन : न्हाणीघरातला काटा. माझा. परत आणून ठेवलास तो ग्रीसचा डाग घेऊन. आणि तू अंगणात पालथा पडून आकडा वाचत होतास, तेव्हा शेजारचा बेरेंड कॉफीचा कप घेऊन कुंपणापाशी उभा होता. काय म्हणाला तो?

हार्म : बेरेंडला दुसरा उद्योग नाही.

यांतिन : 'हार्म, यंदा नाक जड झालंय,' असं म्हणाला. मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

हार्म : झालं होतं. तिन्ही सायकली दांड्यावर म्हटल्यावर पुढचा भार वाढणारच. मग मी तो कमी केला.

मारिट : कसा?

हार्म : सामान मागे नेलं. बटाटे, डबे, बाहेरच्या तंबूचे लोखंडी दांडे.

मारिट : सगळं मागे? पार भिंतीला?

हार्म : मागे गेल्याशिवाय नाक उचलत नव्हतं.

मारिट : म्हणजे पुढे सायकली, मागे बटाटे आणि मध्ये काहीच नाही. बाबा, काठीच्या दोन्ही टोकांना बादल्या बांध आणि चालून बघ.

हार्म : काट्यावर आकडा चोख आला होता.

यांतिन : काट्याला काय कळतंय? तो माझंही वजन चोख दाखवतो. म्हणून मी बरी झाले का?

हार्म : बरं. बटाटे मध्ये आणतो, चाकांच्या वर. दांडेही आणतो. मग नाही हलणार.

यांतिन : बटाटे! मोझेलच्या काठी राहणारी माणसं काय गवत खातात? इतकी वर्षं त्याच नदीवर जातोय, त्याच माणसाच्या कॅम्पिंगला, त्याच झाडाखाली, आणि घरून, होगेवेनहून आपण पोतंभर बटाटे नेतोय.

हार्म : तिकडचे शिजले की चिकट होतात.

यांतिन : तूही झालायस. हलव तुझे बटाटे. तोवर मी बाथरूमला जाऊन येते. मारिट, माझा वॉकर काढ गं.

मारिट : काढते.

हार्म : थांब, मारिट.

यांतिन : थांब का?

हार्म : काठी आहे ना तुझी. लांब नाहीये फार.

यांतिन : काठी घरात, बाहेर वॉकर. थेरपीवाल्या बाईनं हे तुझ्या तोंडासमोर सांगितलंय. तू मान डोलावली होतीस.

मारिट : पलंगाखाली नाहीये, आई. कपाटातही नाही.

यांतिन : हार्म, वॉकर कुठंय?

हार्म : गॅरेजमध्ये.

यांतिन : कुणाच्या?

हार्म : आपल्या. यांतिन, एकूण वजनच वर जात होतं. पोलिसांनी काट्यावर घेतलं असतं तर...

यांतिन : वॉकर केवढा तो! मारिट एका हातानं उचलते. माझी सायकल उचलायला तुला शेजाऱ्याला हाक मारावी लागते. आणि तू राहू कुणाला दिलंस? वॉकरला.

हार्म : गेल्या वर्षी चालवली होतीस तू.

यांतिन : गेल्या वर्षी मी होडीच्या धक्क्यापर्यंत गेले. तिथून दोन्ही सायकली तू ढकलत आणल्यास, मी त्या डेन्मार्कच्या म्हाताऱ्यांच्या गाडीतून आले. हे तू बेरेंडला सांगत नाहीस. त्याला सांगतोस, 'यांतिननं नदीकाठ पालथा घातला.'

हार्म : डॉक्टर म्हणाले होते, बघू या.

यांतिन : डॉक्टर म्हणाले, डावा पाय आता एवढाच, यापुढे सायकल नाही. 'बघू या' तू म्हणालास. बाहेर आल्यावर, लिफ्टमध्ये.

हार्म : मला वाटलं, रस्ता सपाट आहे. हवा चांगली असेल, रात्री तुला झोप लागलेली असेल, तर एखाद्या सकाळी...

यांतिन : तुझी ती एखादी सकाळ! पायानं मी थोडी दमते, हार्म. त्या सकाळीपायी मेटाकुटीला येते. तू रोज माझ्याकडे असा बघतोस, जणू मी आज उठून टांग टाकणार आहे. आणि मी रोज तुला निराश करते, कॉफी प्यायच्या आत.

हार्म : मी कधी काही बोललोय का?

यांतिन : बोलला असतास तर भांडले तरी असते.

मारिट : आई, मी धरून नेते तुला.

यांतिन : जरा थांब. तुझी सायकल कशी आहे गं आता?

मारिट : लहान. गुडघे हँडलला आपटतात. बाबाला सांगितलं होतं मी.

यांतिन : मग?

मारिट : म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. मग मी तुझी मागितली. तर म्हणाला, आईच्या सीटला हात लावायचा नाही.

यांतिन : मला नाही सांगितलंस?

मारिट : तुम्ही दोघं त्या सायकलीजवळून गेलात तरी गप्प होता. मी काय सांगणार?

यांतिन : हार्म, हिची छोटी सायकल खाली काढ.

हार्म : इथे? वाहनतळावर?

यांतिन : इथेच. सीट पार खाली दाब. आता हँडल धर, मी येते. हं. कमरेएवढं आहे बरोब्बर. हाताचे ब्रेक आहेत. टोपली आहे. वॉकरला घंटीसुद्धा नव्हती.

हार्म : यांतिन, ती सायकल आहे. घसरेल.

यांतिन : ढकलत तर न्यायचीय. आपल्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या अशाच बाजाराला जातात, सायकलीला टेकून. त्यांना कुणी विचारत नाही, बाई, बसत का नाही? सोड हँडल.

(यांतिन छोट्या सायकलीवर भार देत स्वच्छतागृहापर्यंत जाते आणि परत येते. तोवर बटाट्याचं पोतं कॅरॅव्हॅनच्या मधोमध, चाकांच्या वर आलं आहे.)

हार्म : पडली असतीस.

यांतिन : पडले नाही. दारात दोन ट्रकवाले उभे होते, त्यांना घंटी वाजवली. टोप्या काढून बाजूला झाले बिचारे.

हार्म : वॉकर ठेवून आलो ते चुकलं माझं.

यांतिन : चुकलंच. तुझ्या हातात पाना आहे ना? माझी सीट वर कर. मारिटला होईल इतकी.

मारिट : बाबा, तुला नको वाटत असेल तर राहू दे. माझे गुडघे काही मरत नाहीत.

हार्म : इकडे ये. सायकलीला चिकटून उभी राहा. सरळ. सीट कमरेच्या हाडाशी आली पाहिजे.

मारिट : अजून वर.

हार्म : एवढी? आईपेक्षा इतकी उंच कधी झालीस तू?

मारिट : तू बटाटे निवडत होतास तेव्हा.

हार्म : हिच्या मागच्या कॅरियरवर बसून तू शाळेत जायचीस. पावसात आईच्या कोटात डोकं घालून.

मारिट : माहितीये. कोटाला कुत्र्याचा वास यायचा.

यांतिन : कुत्रा माझाच होता, वासही माझाच. मारिट, जा, तिघांना कॉफी आण. बाबाला साखर जास्त सांग, चेहरा बघ त्याचा. सांडू नकोस येताना.

मारिट : मग चालवून बघू? या झाडापासून त्या झाडापर्यंत?

यांतिन : कॉफी आण, मग बघ.

हार्म : गेली?

यांतिन : गेली. सीट घट्ट बसली का?

हार्म : बसली. यांतिन, तुझी सीट जिथे होती ना, तिथे दांडीवर गंजाची रेघ दिसतेय. पुसून जाईल ती पावसात.

यांतिन : जाऊ दे की.

हार्म : चिकटपट्टी आहे माझ्याकडे. नुसती खूण करून ठेवतो. जुन्या उंचीची.

यांतिन : हार्म...

हार्म : नुसती खूण गं.

यांतिन : मागच्या बाजूनं लाव. पोरीला दिसायला नको.