पार्षदपतींना प्रवेश नाही

नारायणराव : ...आणि पुढची गंमत तर ऐक, कुसुम. मेकॅनिक आलाच नाही, आणि मोबाइलवर मेसेज हजर. ‘आपल्या फ्रिजची दुरुस्ती पूर्ण झाली. कृपया पाच तारे द्या.’ फ्रिज तिकडे भट्टीसारखा तापलाय!

कुसुमावती : मग किती दिले?

नारायणराव : पाच.

कुसुमावती : पाच?

नारायणराव : कमी दिले असते तर चिडून आलेच नसते.

कुसुमावती : आत्ता कुठे आलेत? सगळ्या देवास शहराला अक्कल वाटत फिरता. कॅप्टनने बोलिंग कोणाला द्यावी, महापौरांनी नाली कुठून काढावी... आणि एका फ्रिजवाल्यापुढे शेपूट घातली.

नारायणराव : क्रिकेटची गोष्ट निराळी. तो कॅप्टन माझ्या घरी दुरुस्तीला यायचा नसतो. बरं, सूनबाई आली बघ. ये विनीता. निगमाची बैठक संपली? विपुल कुठाय? फोन उचलत नाही.

विनीता : येतील मागून. सासूबाई, आधी पाणी द्या ना. माठातलं.

नारायणराव : शाळेमागच्या मैदानाचं झालं ना पास? पार्किंगचं?

विनीता : नाही, मामंजी.

नारायणराव : वाटलंच! विरोधकांनी हल्ला केला असणार. त्यांना दुसरं येतं काय?

विनीता : विरोध मी केला.

कुसुमावती : सावकाश पी, ठसका लागेल.

नारायणराव : ठसका मला लागलाय! अगं, तू पार्षद, वॉर्ड तुझा, पार्टी तुझी, प्रस्ताव तुझ्या नवऱ्याने आणलेला!

विनीता : तेच तर. त्यांनी आणलेला.

कुसुमावती : अहो, तिला नीट सांगू द्या. विनीता, पहिल्यापासून सांग.

विनीता : गेटवरच सुरू झालं. नव्या आयुक्त मॅडमनी हुकूम काढलाय, हॉलमध्ये फक्त निवडून आलेले बसतील. पार्षदपतींना, म्हणजे आमच्या नवऱ्यांना, प्रवेश नाही. आम्ही दोघं पोहोचलो तर विक्रमसिंह गार्डने हात आडवा केला. म्हणाला, ‘भिया, पार्षद कौन है? आप, या मैडम?’ हे म्हणाले, ‘अरे, एक ही बात है.’ तो म्हणाला, ‘एक ही बात है तो मैडम को जाने दो.’

कुसुमावती : कोणत्या गावचा आहे हा पोरगा? त्याला जेवायला बोलावलं पाहिजे.

नारायणराव : कुसुम!

विनीता : बाहेर लिंबाखाली सात-आठ पार्षदपती उभे होते, पांढरे कुडते घालून. मला बाजूला नेऊन हे म्हणाले, ‘तुला काही करायचं नाहीये. मैदानाचा विषय निघाला की उभी राहा, समर्थन म्हण आणि बसून जा. मयुरेशला मी शब्द दिलाय.’

नारायणराव : मयुरेश म्हणजे तो मॅरिज गार्डनवाला. त्याच्या वऱ्हाडाच्या गाड्या लावायला जागा हवी, हे मला माहीत आहे. शहराचा विकास म्हटला की थोडं...

कुसुमावती : त्याच्या गार्डनचा विकास म्हणा.

विनीता : मी समर्थनच म्हणणार होते, मामंजी. खोटं कशाला बोलू? तीन वर्षं तेच करतेय. पोस्टरवर यांचा फोटो दाराएवढा, माझा टिकलीएवढा. लोक यांनाच पार्षदजी म्हणतात, मला भाभी. मला सवय झाली होती. पण काल संध्याकाळी मी मैदानावर गेले होते.

कुसुमावती : ते मला नाही सांगितलंस.

विनीता : कोणालाच नाही. खो-खोचे दोन्ही खांब उपटून नेलेत. प्रस्ताव पास व्हायच्या आधीच! आणि ती उर्वशी, जिल्ह्याच्याही वर, संभागाच्या संघात निवडलेली, खांबाच्या खड्ड्यात विटा रचून त्यांना वळसा घालायचा सराव करत होती. एकटी. माझ्यासमोर विटा सरकल्या आणि ती आपटली. गुडघा फुटला. उठून मलाच म्हणते, ‘भाभी, भिया से बोलो ना, खंबे लगवा दें.’

नारायणराव : भियाला, म्हणजे विपुललाच सांग म्हणाली?

विनीता : मी समोर उभी असताना. आणि तिचं काही चुकलं नाही. माझ्याकडे पार्षद म्हणून कधी कोणी बघितलंच नाही, मीसुद्धा नाही. माहेरी धारला माझं मैदान असंच गेलं होतं. रविवारपर्यंत खेळलो, सोमवारी तिथे दुकानांचा पाया खणायला सुरुवात. सरांनी सांगितलं, दुसरी जागा बघू. ती बघता बघता माझं लग्न झालं.

कुसुमावती : तू खो-खो खेळायचीस?

विनीता : जिल्ह्याच्या संघात होते, सासूबाई. इथे कोणी विचारलं नाही, मग मीही सांगितलं नाही.

नारायणराव : बरं, मग? हॉलमध्ये काय झालं?

विनीता : विषय निघाला. सभापती म्हणाले, ‘वार्ड आपका है, मैडम, दो शब्द.’ माइक कुठून सुरू करतात तेही मला माहीत नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या वल्लरीताईंनी बटण दाबून दिलं. मी म्हटलं, ‘मेरा विरोध है.’

नारायणराव : बाप रे.

विनीता : कोणालाच कळेना. सभापती हळूच म्हणाले, ‘मैडम, आपको समर्थन बोलना था.’ मी म्हटलं, ‘समर्थन मेरे पति का है. वो बाहर खड़े हैं.’

कुसुमावती : अगं बाई!

नारायणराव : हसू नकोस, कुसुम. हसू नकोस म्हणतो ना... बाहर खड़े हैं! मग?

विनीता : मग काय, बाकं बडवली सगळ्यांनी. वल्लरीताई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे आणखी दोघी. त्यांचेही नवरे लिंबाखालीच होते. प्रस्ताव फेटाळला नाही हं, नुसता थांबवलाय. पुढच्या बैठकीत मयुरेश परत जोर लावेल.

नारायणराव : पुढच्या वेळी पार्टी तुला तिकीट देणार नाही.

कुसुमावती : तिला दिलं होतंच कधी? वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला म्हणून विपुलचं तिकीट तिच्या नावावर निघालं होतं. विपुल, दारात का उभा? आत ये.

विपुल : येतो. घर तरी माझं आहे ना, की इथेही गार्ड ठेवलाय?

विनीता : चिडणार हे ठाऊक होतं मला.

विपुल : चिडू नको तर काय नाचू? तुझा व्हिडिओ सगळ्या शहरात फिरतोय. पानवाला मला बघून म्हणतो, ‘भिया, आप बाहर क्यूं खड़े हो, अंदर आओ!’

नारायणराव : चांगला आहे, म्हणजे... वाईट आहे.

विपुल : तीन वर्षं मी मरमर केली, विनीता. कोणाचा नळ, कोणाचा खांबावरचा दिवा, कोणाचं राशन कार्ड. मागच्या पावसात नालीत गुडघाभर उतरलो होतो. ते काय फोटोसाठी?

विनीता : नाही. फोटोवाला तर निघून गेला होता. मी बघितलंय. तुमची कामं मी कधी खोटी म्हटली नाहीत. पण मैदानाचं मला एकदा तरी विचारलंत?

विपुल : विचारलं असतं तर?

विनीता : नको म्हटलं असतं.

विपुल : म्हणूनच नाही विचारलं.

कुसुमावती : हे तरी सरळ बोललास.

विपुल : बाबा, तुम्ही सांगा हिला काहीतरी. एरवी तर सगळ्या दुनियेवर बोलता.

नारायणराव : बोललो तर विनीताच्या बाजूने बोलेन. चालेल?

विपुल : ...नको मग.

विनीता : मयुरेशचं काय म्हणणं आहे?

विपुल : काय असणार? म्हणतो, स्वतःचं घर तरी सांभाळ आधी. मी म्हटलं, तोंड सांभाळ. जवळजवळ हातघाईवर आलो. त्या पोरीला फार लागलं का?

विनीता : टाके नाही पडले, पण लंगडतेय. तुम्हाला कोणी सांगितलं?

विपुल : तिचा बाप भेटला रस्त्यात. ‘पोरगी मैदानावर पडली’ एवढंच म्हणाला. नुसता नमस्कार केला आणि पुढे गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खांब मयुरेशच्या गोदामात पडलेत. मीच नेऊ दिले.

विनीता : मला वाटलंच होतं.

विपुल : उद्या सकाळी टेंपो सांगतो. तो देणार नाही सहजासहजी.

विनीता : मी येते सोबत.

विपुल : ये. तुझ्यासमोर त्याला नाही म्हणता येणार नाही... थांब, दारात कोणीतरी आहे. मी बघतो.

नारायणराव : कोण आहे रे?

विपुल : मागच्या गल्लीतल्या काकू. नाली तुंबलीये म्हणतात. विनीता, तू ये. त्यांना पार्षदांना भेटायचंय.