फक्त एक बाही राहिलीय

...आणि वर मलाच म्हणते, ‘हलू नका हं!’ हललो कुठे मी? पंचवीस मिनिटं झाली, तुम्हाला सांगतो, या खुर्चीवर असा दोन्ही हात पुढे करून बसलोय, हातांवर ही लोकरीची लड, लडीचं एक टोक त्या तिकडे अर्ध्या गुंड्यात, आणि गुंडा करणारी बाई ‘आलेच हं, ताईचा फोन आहे’ म्हणून आतल्या खोलीत. ताईचा फोन! म्हणजे झालंच. तुम्ही बसा, पण मी उठून खुर्ची वगैरे देईन असं समजू नका. नाकाला खाज सुटलीय ती वेगळीच... नको नको, राहू द्या, लड सुटली तर गुंता होईल, आणि गुंता कोणीही केला तरी तो मीच केलेला असतो, असा आमच्याकडे एकतीस वर्षांचा नियम आहे.

मागितलं काय होतं मी? एक स्वेटर.

परवा पेपरच्या पुरवणीत आलं होतं, ‘हिवाळ्यातली साधी सुखं’. हिने मला मोठ्याने वाचून दाखवलं. पानगळ सुरू झाली की म्हणे कोवळ्या उन्हात बाल्कनीत बसावं, वाफाळता चहा घ्यावा, कुंड्यांतली वाळकी पानं खुडावीत, हाताने काहीतरी विणावं, मन शांत होतं. ज्याने लिहिलंय ना, त्याला एकदा आमच्याकडे पाठवा. थंडी पडली की बाल्कनीतल्या सगळ्या कुंड्या घरात येतात, कारण त्यांना गारठा सोसत नाही, आणि घरातल्या खुर्च्या बाल्कनीत जातात, कारण मग आत जागा राहत नाही. त्या कोपऱ्यातल्या जिरॅनियमला स्वेटर आहे. हसताय काय? बघा ना जाऊन, कुंडीभोवती लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, मागे दोन बटणं. किटलीला टोपी आहे. गरम पाण्याच्या पिशवीला, जी मुळात गरमच असते, तिला बंद गळ्याचा आहे. मेव्हण्याला चार आहेत. दातांच्या डॉक्टरला आहे, कारण त्याने हिची दाढ न दुखवता काढली. माझी त्याने दुखवून काढली होती, पण ते कोण विचारतो? खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याला दोन आहेत, एक रोजचा आणि एक बाहेर जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, तुमच्यासमोर बसलाय, हात पुढे करून.

बरं, मी कामाला असतो एखाद्या बेकरीत, तर म्हटलं असतं चला, भट्टीची ऊब आहे. मी कोल्ड स्टोरेजमध्ये! सफरचंदांच्या खोलीत! दोन डिग्री! बत्तीस वर्षं दर दोन तासांनी आत जायचं, भिंतीवरचं तापमान बघायचं, पाटीवर लिहायचं, बाहेर यायचं. बाहेर येईपर्यंत बोटं अशी व्हायची की पेन कोणाला तरी काढून घ्यावं लागायचं. कंपनीचा कोट होता, नाही असं नाही, पण तो माझ्या आधीच्या माणसाचा. तो माणूस माझ्या दीडपट. कोट घातला की मी आत कुठेतरी असायचो.

मग विकतचा का नाही घेतला? असं तुम्ही विचारणार. मीही विचारलं होतं, लग्नानंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात. तर म्हणाली, ‘लोक काय म्हणतील? बायको गावभर विणते आणि नवरा विकतचा घालून फिरतो?’ मिटलं. बाईच्या हाताला कला आहे, नवऱ्याच्या अंगाला हुडहुडी आहे.

आणि असं नाही हो की ती माझा विणत नाही. दर वर्षी विणते! तीच तर गंमत आहे. पहिली पानं गळली की पेटीतून ती निळी लोकर निघते, लग्नाच्या वर्षी घेतलेली, आणि सुरू. पहिल्या वर्षी गळा घट्ट झाला, डोकं आत जाईना. ‘तुमचं डोकंच मोठं आहे,’ उसवला. पुढच्या वर्षी डोकं गेलं, पोट अडलं. उसवला. मग मुलगी झाली, तेव्हा माझ्या एका बाहीतून तिची टोपडी आणि मोजे निघाले. बाप मुलीसाठी काय काय देतो, मी बाही दिली. मग एका वर्षी तो नमुना जुना झाला. एका वर्षी उजवी बाही डावीपेक्षा बोटभर लांब. मी म्हटलं, ‘अगं, मी जरा तिरका उभा राहीन.’ नाही. उसवला. आणि उसवलं की काय होतं माहितीये? लोकर सगळी कुरळी होते. मग तिची लड करायची, ती धुवायची, खाली वजन बांधून टांगायची, वाळली की परत गुंडा. आणि लड धरायला कोण? हा खांब. दोन हात आहेत ना देवाने दिलेले, आणखी कशाला दिलेत?

मागितलं काय होतं मी? एक स्वेटर!

तर यंदा माझी निवृत्ती. गेल्या शनिवारी. आदल्या दिवशी कोट जमा करायचा आणि दुसऱ्या दिवशी निरोप समारंभ, असा आमचा नियम. मी हिला ऑगस्टमध्येच सांगून ठेवलं, म्हटलं, बघ, आयुष्यभर दुसऱ्याच्या कोटात उभा राहिलो, शेवटच्या दिवशी तरी तुझ्या स्वेटरमध्ये जायचंय मला. एवढंच. तिलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. लागली विणायला. पाठ झाली, पुढचा भाग झाला, गळा झाला, एक बाही झाली. तीन आठवडे हातात. ‘फक्त एक बाही राहिलीय,’ म्हणाली. मी आनंदाने ऑफिसात सांगितलं. तिथेच चुकलो. त्याच संध्याकाळी घरी आलो तर ही दिव्याखाली स्वेटर धरून बसलेली, तोंड एवढंसं.

‘अहो, खाली तिसऱ्या ओळीत सुलट टाका पडलाय. उलट हवा होता.’

म्हटलं, ‘कुठे?’

‘हा काय.’

मी चष्मा लावला. चष्मा काढला. खिडकीशी नेऊन बघितलं. ‘अगं, दिसतच नाहीये.’

‘तुम्हाला दिसत नाही. मला दिसतो.’

आणि सर्रर्र... तुम्ही ऐकलाय तो आवाज? मी एकतीस वेळा ऐकलाय.

तेव्हा मात्र माझं टाळकं फिरलं. दुसऱ्या दिवशी तडक दुकानात. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, हा घ्या, कोणी म्हणणार नाही विकतचा आहे.’ तोच रंग, तीच वीण, डोकं आत गेलं, पोट आत गेलं, दोन्ही बाह्या सारख्या. आरशात पुढून बघितलं, मागून बघितलं. इतकी ऊब असते होय यात? मग इतकी वर्षं कुत्रा खुशीत का होता ते कळलं. ऑफिसच्या कपाटात लपवला. पण गुरुवारी कपाट रिकामं करायचं होतं, घरी आणावा लागला, आणि पिशवी हिच्याच हाती लागली.

मला वाटलं, आता रडेल. नाही रडली. आतून बाहेरून उलटून बघितला, शिवण बघितली, बोटांत चुरून बघितला, आणि म्हणाली, ‘लोकर मात्र छान आहे हो.’ मी सुटकेचा श्वास टाकला. तो पूर्ण टाकून व्हायच्या आत हिने कात्रीने शिवण कापली.

‘अगं!’

‘माझी लोकर उसवून उसवून झिजलीय. ही जोडीला घेतली की दुहेरी होईल. दोन दिवस आहेत, करते मी.’

तेव्हा मात्र मी बोललो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवला. म्हटलं, ‘सगळ्या जगाचे पुरे होतात. जिरॅनियमचा पुरा होतो. माझाच का नाही होत?’

तर ती शांतपणे म्हणाली, ‘त्यांच्यातही चुका असतात की. देऊन टाकते. ते कुठे मला रोज दिसणार आहेत? तुमचा रोज समोर असणार.’

भांडताही येईना आणि ऊबही येईना.

शनिवार उजाडला तेव्हा माझी पाठ निम्मी झाली होती. मी शर्टावर गेलो. आमचे साहेब हौशी, म्हणाले, ‘फोटो आतच काढू, यांच्या आवडत्या खोलीत!’ दोन डिग्रीत. सगळे कोटात, मधे मी शर्टात. साहेबांनी तिथेच भाषण केलं, आत, वीस मिनिटं. ‘बघा, यांना म्हणतात निष्ठा! बत्तीस वर्षांनंतर या माणसाला थंडी म्हणून वाजत नाही!’ टाळ्या. मीही वाजवल्या, तेवढीच हातांत धग. फोटो आलाय, तो बघा टेबलावर, बारा माणसं आणि सफरचंदांची खोकी अगदी स्वच्छ आलीयेत. मधला धूसर आहे ना, तो मी. कापत होतो.

आणि भेट काय दिली? सगळ्यांनी मिळून, आठवडाभर विचार करून? साहेब म्हणाले, ‘वहिनींच्या हाताला जादू आहे असं तुम्ही नेहमी सांगता, म्हणून खास त्यांच्यासाठी.’ उघडलं. लोकर. करड्या रंगाच्या सहा लडी.

हिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला... म्हणाली, ‘बघा, निळ्याचा हट्टच चुकीचा होता. आता करड्याचा करू. पहिल्यापासून.’ त्यातली ही पहिली लड. मागितलं काय होतं मी...

श्श, फोन ठेवला वाटतं.

‘अहो, कंटाळलात का? अजून पाच लडी आहेत हं. कुठे जायचं नाहीये ना तुम्हाला?’

नाही गं. कुठे जाणार मी आता? फक्त जरा नाक खाजव.