यादीतले नळ

माझं नाव केरबा. गाव हेच, कंधारवरून जळकोटाकडं जाताना लागतं ते. बाप ग्रामपंचायतीचा बाजार झाडायचा, मंगळवारचा बाजार उठला की बाप झाडू घेऊन निघायचा, आन् माय रोजानं जायची. आमची गल्ली भीमनगर, खालच्या अंगाला. काय सांगू तुम्हाला, आमच्या लहानपणी गावात तहान लागली तर ओंजळ धरावी लागायची, बाया वरून ओतायच्या. फकस्त आमच्या शाळेतले एक गुरुजी होते, त्यांचं घर चौकात, त्यांच्या बायकोला समदे काकू म्हणायचे, त्या काकू तेवढ्या घरातला तांब्या हातात द्यायच्या, सावकाश पी म्हणायच्या. आता ह्याच्यात काय लई मोठं असं तुम्हाला वाटंल, पर मला ते अजून आठवतं.

दहावीला दोनदा बसलो, न्हाई जमलं. मंग सरपंचानं पाण्यावर ठेवलं. पाण्यावर म्हंजे कोणत्या गल्लीला कवा पाणी सोडायचं, नळ फुटला तर बांधायचा, मोटार जळाली तर लातूरला घेऊन पळायचं. पगार थोडका होता पर लोकांत मान होता, चावी घेऊन निघालो की बाया म्हणायच्या केरबा आला, हांडे मांडा. लगीन झालं, दोन पोरी झाल्या, दोघी दिल्या, एक लोह्याला हाय, तिचं बरं चाललंय.

मंग ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. नवा फलक म्याच शिडीवर चढून ठोकला, पेढे बी वाटले. समदे म्हणाले, केरबा, आता तू सरकारी झालास. कशाचा सरकारी. जुन्या माणसायला कायम करायची फाईल मुंबईला गेली म्हणत्यात, ती तिकडंच हाय. पगार वरून अनुदान आलं की व्हायचा, आन् अनुदान कवा येईल ते मुख्याधिकाऱ्यालाच मालूम न्हाई तर मला कुठून असणार. कवा दोन महिने, कवा पाच महिने खाली हात.

आन् तिकडं घरपट्टी वाढली. टेप घेऊन मोजणीचा ठेका घेतलेल्या कंपनीची माणसं आली, घरं मोजली, ज्याचं पत्र्याचं त्याचं बी पक्कं लिवलं. गुरुजी तवा वारले होते, काकू एकट्याच राहतात, त्यांची मागची ढोरांची छपरी बी खोलीत धरली. काकूंनी हरकतीचा अर्ज दिला, म्हणाल्या ह्याचं उत्तर द्या, मंग भरते. उत्तर कोण देणार, कचेरीत माणूसच न्हाई. एक क्लार्क हाय, तोच जन्माचे दाखले देतो, तोच मरणाचे.

मंग औंदा वरून आलं की वसुली न्हाई तर निधी न्हाई. मुख्याधिकारी साहेबानं यादी काढली, म्हणले ज्यायची घरपट्टी थकली त्यायचे नळ तोडा. पहिलं नाव एका पुढाऱ्याच्या मंगल कार्यालयाचं. क्लार्क आन् म्या तिथं गेलो तर खुर्च्या टाकल्या, च्या आला, मंग क्लार्कला कोणाचा तरी फोन आला, आन् आम्ही कप ठेवून उठलो. सरकारी कचेऱ्यायची बी थकलीय, पर सरकारचा नळ कोण तोडील. तिथून निघालो ते सरळ काकूंच्या दारात.

म्या क्लार्कला म्हणलो, हे घर राहू द्या. तो म्हणला, राहू दिलं तर वसुली कुठून दाखवू, तुझाच पगार हाय ह्याच्यात. ते बी खरंच. काकू दारात आल्या, क्लार्कनं कागुद वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं, मंग माझ्याकडं बघून म्हणाल्या, केरबा, उन्हाचा आलास, आधी पाणी पी, मंग घरात राहील का न्हाई कोणास ठाऊक. आन् आत जाऊन तांब्या आणला. म्या पिलो. न पिऊन कसं चाललं असतं. पिलो, तोंड पुसलं, आन् खाली बसून त्यांचा नळ तोडला. पाना दोनदा निसटला.

आठ दिवस शेजारच्या बाईनं त्यांना पाणी दिलं. म्या घागर घेऊन गेलो तर म्हणाल्या, नको, तुझी नोकरी जायची. मंग त्यांच्या पुण्याच्या लेकानं पैसे भरले आन् नळ मीच परत जोडला. आता रस्त्यात दिसल्या तर बोलतात, पोरीयचं इचारतात. पर आत ये म्हणत न्हाईत. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

साहेबावर तरी काय राग धरावा. ते म्हणतात, केरबा, मला काय हौस हाय, मोटारीचं लाईटबिल थकलंय, वरून पैसा न्हाई, मी कोणाचं भरू. माणूस बरा हाय. बदलीची वाट बघून राहिलाय.

आता सांगतो, ह्या वख्ताला चार महिन्यांचा पगार अडकलाय. पगार न्हाई म्हणून म्या घरपट्टी भरली न्हाई, आन् घरपट्टी येत न्हाई म्हणून पगार न्हाई. बायको म्हणते सोडा ही नोकरी. सोडून ह्या वयात जाऊ कुठं, आन् मुंबईतली फाईल निघाली आन् मीच नसलो तर.

उद्या यादीत भीमनगर हाय. समदी माझीच माणसं, भाऊबंद, सोयरे. सातवं नाव माझं. काल साहेबाला म्हणलो, बाकीच्या घरचे नळ मी तोडतो, माझ्या दारात तेवढा दुसरा माणूस धाडा. साहेब म्हणाले, दुसरा कोण हाय, केरबा.

म्या म्हणलो, हाव, ते बी हाय. आन् घरी येऊन बायकोला म्हणलो, उद्या सकाळी पाणी आलं की समदे हांडे भरून ठेव.