उलटा फोटो, सुलटा नवरा

…आणि वर मुलगी मलाच म्हणते, बाबा, तुम्ही असेच दिसता! असेच? म्हणजे कसे? नाही, तुम्हीच बघा हो, काल सोसायटीच्या पूजेत तिने मोबाईलवर काढलेला हा फोटो. नाक एकीकडे, भांग दुसरीकडे, एक भुवई वर चढलेली, बघणाऱ्याला वाटावं हा माणूस तीर्थ घेत नाहीये, भटजींवर संशय घेतोय… मी असा दिसतो का हो? सकाळीच दाढी करताना आरशात बघितलं होतं, चांगला झकास माणूस होता तिथे, आणि पूजेला पोचेपर्यंत त्याची ही अशी वाट लागली?

तुम्हाला सांगतो, हे माझं आजचं दुखणं नाही. चौऱ्याऐंशी सालापासूनचं आहे. ह्याच दुखण्यापायी माझं लग्न मोडत होतं, आणि… थांबा, ह्याच दुखण्यापायी ते जमलंसुद्धा. पण ते नंतर. आधी आरसा.

आमच्या मुलुंडच्या चाळीतल्या खोलीत आरसा एकच. खिडकीच्या बाजूला खिळ्याला अडकवलेला, हिरव्या प्लॅस्टिकच्या चौकटीचा, वीतभर. तोसुद्धा बाबांच्या उंचीला ठोकलेला, म्हणजे आये टाचा वर करून कुंकू लावणार आणि मी, बाबांच्या वर डोकं गेलं तेव्हापासून, गुडघे वाकवून भांग पाडणार. खालच्या कोपऱ्यातला पारा उडालेला, त्यामुळे हनुवटी ज्याची त्याने अंदाजाने समजून घ्यायची. बाबा गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, तरी हा माणूस रोज सकाळी त्या आरशापुढे उभा राहून गुळगुळीत दाढी करायचा, पावडर लावायचा. आये विचारायची, खंय जायचा हा? कुठे नाही, म्हणायचे, आणि खिडकीत जाऊन बसायचे. मला तेव्हा हसू यायचं. आता नाही येत… जाऊ दे. सांगायचं काय, तर लहानपणापासून मी माझं तोंड त्या वीतभर आरशात बघितलं, त्यातलं दिसत होतं तेवढं, आणि ते मला आवडायचं. आवडायचं हो, त्यात लाजायचं काय?

मग कांजूरमार्गला एका कारखान्यात नोकरी लागली, आणि नोकरी लागली की काय होतं? भाऊराव येतात. भाऊराव म्हणजे बाबांचे गाववाले, काखेतल्या पिशवीत मुलामुलींचे फोटो घेऊन चाळीचाळीतून फिरणार आणि दिसेल त्याचं दिसेल त्याच्याशी जुळवणार. म्हणाले, बोरिवलीला एक मुलगी आहे, आपल्याच बाजूची, तुझा फोटो दे. आता तेव्हा मुलुंडकराला बोरिवली म्हणजे परगावच! नॅशनल पार्काच्या डोंगराच्या अलीकडे आम्ही आणि पलीकडे ती. मधे वाघ. पण मुलीचा फोटो बघितला आणि मला वाघाचं काही वाटेना. सुलक्षणा तिचं नाव. डाव्या गालावर तीळ, आणि असं बघत होती की आता काहीतरी बोलेल आणि मला ते ऐकावं लागेल. (ऐकतोच आहे. अजून.)

फोटो काढायला गेलो चंद्रप्रकाश फोटो स्टुडिओत. मालकाचंच नाव चंद्रप्रकाश. आत चंद्र नाही, प्रकाश नाही, दोन ट्यूबलाइटी, त्यातली एक बराच विचार करून पेटणारी. मागे पडद्यावर रंगवलेलं तळं, तळ्यात राजहंस, आणि पुढे टेबलावर काळा फोन. वायर नसलेला! तेव्हा फोटोत फोन असला की मुलाकडचं बरं आहे असं वाटायचं, आमच्या सबंध चाळीत फोन नव्हता ते सोडा. त्याने मला बसवलं, उजवा हात रिसीव्हरवर, डाव्या हाताची मूठ हनुवटीखाली, नवं घड्याळ दिसलं पाहिजे, आणि म्हणाला, "विचार करताय असं दाखवा साहेब. खरा विचार करू नका, तोंड बिघडतं."

दोन दिवसांनी फोटो हातात आला आणि मी म्हटलं, हा कोण? भांग भलत्या बाजूला, नाक उजवीकडे झुकलेलं, अहो आरशात माझं नाक डावीकडे झुकतं, ते मी कितीतरी वर्षांपासून ओळखतो! त्याला विचारलं, मी असा दिसतो का हो? तो म्हणाला, असेच दिसता. घरी आणून आयेला विचारलं, मी असा दिसतो? ती म्हणाली, "असोच दिसतंस रे. अगदी तुझो बापूस दिसता." बाबांनी फोटो घेतला, बराच वेळ धरून ठेवला. पण मला काही पटेना! दुसऱ्या दिवशी परत स्टुडिओत, म्हटलं, हे नाक डावीकडे वळवून द्या. तो आधी हसला, मग चिडला, मग हात जोडले, आणि शेवटी माझ्या हातातली निगेटिव्ह हिसकावून आत अंधाऱ्या खोलीत गेला आणि दुसरा फोटो आणून टेबलावर आपटला. आणि काय सांगू… मीच! हुबेहूब! नाक जिथल्या तिथे, भांग जिथल्या तिथे, आरशातून उचलून कागदावर ठेवावा तसा!

काय केलं होतं त्या पठ्ठ्याने? काही नाही हो, निगेटिव्ह पालथी घातली आणि छापली. डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं. माणूस स्वतःला जन्मभर आरशात उलटा बघतो आणि त्यालाच सुलटा समजतो, मग कोणी खरोखरच सुलटा दाखवला की भांडायला उठतो, हे मला तेव्हा कुठे माहीत! मी खूश. आयेला दाखवला तर ती म्हणाली, ह्यो आमचो नाय. मी म्हटलं, तुला काय कळतं, आणि दिला भाऊरावांना. गेला डोंगराच्या पलीकडे.

तिकडे काय झालं ते मला मागाहून कळलं. सुलक्षणाची एक आत्या होती, प्रेमाआत्या. नाव प्रेमा, पण त्या नावाचा घरात कुणाला अनुभव नाही. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाली, घड्याळ उजव्या हातात, फोन उचलतो डाव्या हाताने, मुलगा डावरा आहे! आता डावरा असला तर काय बिघडलं? पण नाही. गावच्या गणपतीची आरती डाव्या हाताने ओवाळणार, नैवेद्य डाव्या हाताने दाखवणार, गाव काय म्हणेल? नकोच हा मुलगा. सुलक्षणाचे वडील म्हणाले, बघून तर घेऊ. आणि तिची आई बिचारी साधी, तिने ठरवलं, मुलगा घरी येतोय, त्याला अवघडल्यासारखं व्हायला नको.

झालं! मी, आये आणि भाऊराव बोरिवलीला पोचलो, बसलो, सुलक्षणा पोहे घेऊन आली, फोटोपेक्षा कितीतरी पटीने छान, मी गार. आणि बशी ठेवली तर चमचा डावीकडे! पाण्याचं भांडं डावीकडे! आईंनी विडा दिला तोसुद्धा माझ्या डाव्या हातात! मी म्हटलं, असेल ह्यांच्याकडे तशी रीत. आणि आयेने लहानपणापासून बजावलेलं, दुसऱ्याच्या घरात त्यांच्या रीतीने वागायचं. ही मुलगी आता हातची जाऊ द्यायची नाही, म्हटलं, आणि उचलला चमचा. डाव्या हाताने!

तुम्ही कधी डाव्या हाताने पोहे खाल्लेत? खाऊन बघा. निम्मे शर्टावर, एक शेंगदाणा कॉटखाली, एक मिरची थेट भाऊरावांच्या मांडीवर. आयेचे डोळे एवढे झाले, तिला वाटलं पोराच्या उजव्या हातावरून वारं गेलं. आणि प्रेमाआत्या सगळ्यांकडे बघून मान हलवतेय, की बघा, मी म्हणत नव्हते? वडील उठले, भाऊरावांना जरा बाहेर या म्हणाले. आता मुलीकडचा माणूस भाऊरावांना बाहेर बोलावतो म्हणजे काय, हे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सगळ्यांना कळतं. संपलं, म्हटलं. फोटोत मी एवढा चांगला दिसतोय आणि ही जाणार!

तेवढ्यात सुलक्षणाने तो फोटो उचलला. माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, परत माझ्याकडे, असं कोणी मला त्याआधी बघितलं नव्हतं, आरशानेसुद्धा नाही. मग उठून सरळ कपाटाच्या आरशापुढे गेली आणि फोटो आरशासमोर धरला.

"आत्या, फोनवरचे आकडे वाच. फोटोत उलटे आहेत, आरशात सुलटे. फोटोच उलटा छापलाय. हे असे दिसतात, आरशातल्यासारखे."

सगळे आरशापुढे. आरशातल्या फोटोत घड्याळ डाव्या हातात, भांग जागेवर, नाक उजवीकडे, आये ओरडली, ह्योच माझो झील! आत्या तरी हटेना. तिने मला विचारलं, मग डाव्या हाताने का खाल्लेत? मी म्हटलं, चमचा तिकडे ठेवला होता, मला वाटलं तुमच्याकडे तशी रीत असेल. आत्याने मला खालून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "म्हणजे सांगू तसं वागतो. द्या मुलगी."

अशी मिळाली हो मला बायको. लग्न होऊन चाळीत आली, आणि एका सकाळी त्या हिरव्या आरशात, टाचा वर करून, टिकली लावत होती. मी मागून डोकावलो तर आरशात भलतीच बाई! तीळ भलत्या गालावर, हसणं भलत्या बाजूने. मी म्हटलं, तू आरशात अशी का दिसतेस गं? अशी म्हणजे? मी अशीच आहे, म्हणाली. नाही, म्हटलं, तू ह्याहून खूप चांगली आहेस. लाजली. तेव्हा लाजायची. खिडकीत बाबा बसले होते, दाढी करून, पावडर लावून, त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

आता ती चाळ नाही, तिथे टॉवर आहे आणि त्यातच आम्ही राहतो. चंद्रप्रकाशच्या जागी मोबाईलचं दुकान आहे, राजहंस कुठे उडाले कोण जाणे. बाबा नाहीत, आये नाही. लिफ्टमध्ये तिन्ही बाजूंना आरसे लावलेत, तिथे मी तीन-तीन दिसतो आणि एकातही मला गुडघे वाकवावे लागत नाहीत… करमत नाही हो मला त्या लिफ्टमध्ये.

तर काल तो पूजेचा फोटो बघून मी मुलीला म्हटलं, माझ्या माघारी भिंतीवर हा लावू नकोस बाई, तो चंद्रप्रकाशवाला लाव, आरशासारखा. तेवढ्यात आतून सुलक्षणा आली, हातात तो पहिला फोटो, ज्यावरून मी भांडलो होतो तो! आयेने ट्रंकेत जपून ठेवला होता आणि जाताना हिला दिला होता. म्हणाली, लावायचा तर हा लावायचा. मी घेतला, बघितला, आणि तुम्हाला सांगतो, त्यात बाबा होते. तेच नाक, तीच चढलेली भुवई. इतकी वर्षं मी आरशात त्यांना उलटं बघत होतो, म्हणून सापडले नाहीत… तरी खोड जाते का? विचारलंच. म्हटलं, खरं सांग, मी असा दिसतो का गं?

"तुम्हाला काय करायचंय?" ती म्हणाली. "भिंतीवरून तुम्ही थोडेच तुमच्याकडे बघणार आहात? बघायचंय मला."

आता बोला! म्हटलं, बरं बाई. तू म्हणशील तसा दिसतो.